सोंगाखाली कोण होतं

मी अडखळत बोलते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी माझं वाक्य पुरं करायला धावणार नाही. लोकांना त्याची फार हौस. मी "प... प..." म्हटलं की समोरचा "पाणी? पेन? पिशवी?" करत सुटतो. अरे मेल्या, थांब की जरा! मनात मात्र माझ्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही, आणि शिव्या तर मला अख्ख्या रत्नागिरीत कोणी शिकवू नयेत. टपालखात्यात पत्रं वेगळी करायच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली ती याच कारणानं. पत्रांशी बोलावं लागत नाही.

हे अडखळणं जन्माचं नव्हे. लहानपणी मी इतकी बडबडी होते की आई हात जोडायची. आमची वाडी पालीच्या आत, घाटाच्या बाजूला. मी सहा वर्षांची असताना तिथं सिनेमावाले आले. त्यांना उंबऱ्यावर टाकून दिलेली पोर हवी होती, आणि मुंबईहून आणलेली पोर नेमकी तापानं आडवी झाली. मी विहिरीवर बायकांच्या नकला करत होते. दिग्दर्शकानं बघितलं आणि मला उचललं. 'उंबऱ्यातली पोर' असं त्या चित्राचं नाव. मी झाले बेबी लीला.

त्यात मला सांभाळणारा बाप होता त्रिंबक शेवडे. आजच्या पोरांना हे नाव माहीत नसेल, पण तेव्हा त्याला बघून बायका कडाकडा बोटं मोडायच्या. गावाला पिळणारा सावकार, सुनेचा छळ करणारा सासरा, देवळाची जमीन गिळणारा पाटील, सगळं तोच. नुसता हसला तरी मागच्या रांगेतलं पोर रडायला लागायचं. अशा माणसाला दिग्दर्शकानं मायाळू बाप केलं. लोकांना काही ते पचलं नाही. चित्र मुंबईत लागलं आणि उतरलं, रत्नागिरीपर्यंत पोचलंच नाही. मीही ते कधी पाहिलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. एका प्रसंगात मला किंचाळायचं होतं. खरा बाप न्यायला येतो, त्याला बघून पोर घाबरते, असं ते होतं. मला काही केल्या रडू येईना, उलट हसूच फुटायचं. ऊन उतरायला लागलं, सगळे वैतागले. आणि मग कॅमेऱ्याच्या मागून घुंगरं वाजली आणि संकासुर आला.

शिमग्यात आमच्याकडे नमनाचे खेळे असतात, त्यातला हा संकासुर. पायापर्यंत काळा झगा, उंच काळी टोपी, तोंडावर काळा मुखवटा, छातीपर्यंत पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पोरांमागे धावतो, पोरं किंचाळत पळतात. आमच्या वाडीची रीत अशी, की पहिला दुधाचा दात पडेपर्यंत सोंगाखाली कोण आहे ते पोराला सांगायचं नाही. दात पडला की त्या वर्षी संकासुर स्वतः मुखवटा वर करतो आणि पोर खदाखदा हसतं. माझा दात पडायचा होता. माझ्या लेखी तो खराखुरा राक्षस होता, आणि शिमग्यातल्यासारखा नाचत न येता तो सरळ माझ्या अंगावर चालत आला.

पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्यानंतर माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आईनं देवळात गाऱ्हाणी घातली, मिरजेचा डॉक्टर झाला. पावसाळा सरता सरता वाचा आली, पण मोडकी. मुंबईची दोन चित्रं ठरली होती, ती गेली. शाळेत मास्तर मला धडा वाचायला उठवायचे आणि वर्ग हसायचा. मला बघायला आलेल्या पहिल्या मुलानं माझं नाव विचारलं. मी ते सांगून संपवेपर्यंत त्याच्या आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली होती. दुसऱ्याला मी येऊच दिलं नाही.

आणि हे केलं कोणी? आप्पांनी तेव्हाच सांगितलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. वाडीत संकासुराचा मान आमच्या घराकडे, सोंग आमच्याच माळ्यावर असायचं. सिनेमावाल्यांनी ते मागून नेलं आणि त्या शेवड्यानं घातलं, असं आप्पा म्हणाले. देवाचं सोंग बाटलं म्हणून आप्पांनी त्या वर्षी मान चुलतभावाला देऊन टाकला आणि पुन्हा म्हणून कमरेला घुंगरू बांधलं नाही. वाडी अजून त्यांचं नाव आदरानं घेते. आता ते नव्वदी ओलांडून गेलेत आणि इथं माळनाक्यावर माझ्याजवळ असतात. त्यांचं जेवण, औषध, अंघोळ, सगळं मी बघते. मला आनंदानं करावंसं वाटतं म्हणून बघते.

तर असं सगळं असताना एका सकाळी राजश्री घरी आली. कॉलेजात शिकवते, जुन्या चित्रपटांचं मंडळ चालवते, गोड मुलगी. म्हणाली, "लीलाताई, 'उंबऱ्यातली पोर'ची प्रत सापडलीय. साफसूफ करून आपण इथल्या नाट्यगृहात दाखवणार. आणि त्रिंबकराव शेवडे स्वतः येणारेत! नव्वद वर्षांचे आहेत. आयुष्यभर खलनायक केलेल्या माणसातली माया ओळखणारं हे एकच चित्र. त्यांना शाल तुमच्या हातून द्यायची."

माया! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी म्हटलं, "द... देईन." राजश्री खूश होऊन गेली.

आप्पा आतून ऐकत होते. "जाव नको बाय," ते म्हणाले. "जुनं उकरून काय मिळतंय? तुला पुना तरास होयल."

"हो... होऊ दे," मी म्हटलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला माझी काळजी.

माझं ठरलं होतं. शाल हातात घ्यायची, माइकसमोर उभं राहायचं आणि सांगायचं: या माणसानं माझी वाचा घेतली. बस, एवढंच. त्याच्या मायेचे गोडवे गायला जमलेल्या माणसांसमोर एकदा त्याचा मुखवटा उतरवायचा होता. ते वाक्य मी मोरीत भांडी घासताना म्हणत होते, कपडे वाळत घालताना म्हणत होते. पाच शब्दांत दोनदा अडकत होते, 'माणसानं'ला आणि 'वाचा'ला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एकदाच अडकले.

दुपारचा खेळ होता. पुतण्या गुरुप्रसाद पालीहून वाडीतली माणसं घेऊन आला होता, चांगली दोन रांगा भरून. आपली पोर सिनेमात, कोणाला बघायचं नसणार? राजश्रीनं मला रंगमंचामागच्या खोलीत नेलं. तिथं चाकाच्या खुर्चीत एक हाडकुळा म्हातारा बसला होता. ज्याच्या नावानं मी साठ वर्षं दात खाल्ले, तो हा एवढासा? गुडघ्यावर शाल, हाताला कंप, कानात यंत्र.

"ही बेबी लीला," राजश्री ओरडून म्हणाली.

म्हाताऱ्यानं माझा हात धरला. बघतच राहिला. मग विचारलं, "बोलतेस ना गं आता?"

काय म्हणावं याला! अंगावर पाल पडल्यासारखा मी हात काढून घेतला. स्वतः करून सवरून वर विचारतो बोलतेस का? थांब म्हटलं, म्हाताऱ्या, बोलते. चांगली ऐकशील अशी बोलते.

आधी चित्र दाखवायचं आणि मग सत्कार, असं होतं. मी पहिल्या रांगेत बसले. दिवे गेले. पडद्यावर आमची वाडी आली, काळीपांढरी. आमच्या कुंपणाच्या गडग्याचे दगड दिसले, जांभळाखालची पायवाट दिसली, आणि तिथून एक पोरगी बोलत बोलत आली. केवढी बोलत होती ती! एका दमात विचारायची, "बाबा, तुमच्या मिशा रात्री कुठं ठेवता?" सगळं नाट्यगृह हसलं. मला हसू आलं नाही. मला त्या पोरीचा असा हेवा वाटला की डोळ्यांत पाणीच आलं. ती मी होते आणि मला ती परत कधी भेटणार नव्हती.

मग तो प्रसंग आला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

शेवडे पडवीच्या पायरीवर बसलेले. पोर त्यांच्या मांडीवर. ती हसते, केस ओढते, आणि एकदम कॅमेऱ्याच्या पलीकडे बघते. तोंड उघडं राहतं. मग ती किंचाळी. माझीच, पण मला ऐकवेना. आणि शेवडे? शेवडेंनीही मान वळवून तिकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर अभिनय नव्हता हो. संताप होता, खराखुरा. त्यांनी पोरीचं डोकं छातीशी दाबलं, तळहातानं तिचे डोळे झाकले आणि कॅमेऱ्याकडे सरळ पाठ केली. दिग्दर्शकाचा देखावा बिघडला तर बिघडला. नुसती रुंद पाठ दिसत राहिली आणि तिच्याआडून पोरीचं हुंदकणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणूस मांडीवर पोर घेऊन इथं बसलाय, तर तिकडे घुंगरं बांधून कोण चालत आलं?

पुढचं चित्र मी पाहिलं नाही. डोळे पडद्यावर होते, बाकी मी तिथं नव्हते. कोण असेल? दिवे धरणारा? दिग्दर्शकाचा मदतनीस? साठ वर्षं मी साप साप म्हणून भुई धोपटली, आणि हा माणूस तर मला झाकून बसला होता. मग आप्पांना कोणी खोटं सांगितलं असेल? आप्पांची बिचाऱ्यांची फसवणूक झाली, असंच मला वाटलं. देवाशपथ, तेव्हा तेवढंच वाटलं.

दिवे लागले. भाषणं झाली. राजश्रीनं माझं नाव पुकारलं. कोणीतरी माझ्या हातात शाल दिली. मी रंगमंचावर गेले. मोरीत पाठ केलेलं वाक्य आता काही कामाचं राहिलं नव्हतं. मी शाल त्यांच्या खांद्यावर घातली, वाकले आणि कानाशी विचारलं, "स... सोंगाखाली कोण होतं?"

"काय?" त्यांना ऐकू येईना.

"सं... संकासुर! कोण होतं?"

आता त्यांना समजलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बहिरा माणूस बोलतो तसे मोठ्यानं बोलले. राजश्रीनं माइक त्यांच्या तोंडाशी धरलेलाच होता.

"मीच होतो. मीच घाबरवलं तुला. पोरी, तुझी वाचा माझ्यामुळं गेली."

आमच्या वाडीच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली. गोष्ट तिथं सगळ्यांना ठाऊक होती, पण माणसाच्या स्वतःच्या तोंडून निघाली म्हटल्यावर! मागून कोणीतरी ओरडलं, "आणि ह्याला शाल?" दोनचार मोबाइल वर झाले. राजश्रीचा चेहरा पांढरा पडला. तिनं माइक बाजूला घेतला. म्हातारा मान खाली घालून बसला होता, सावकाराच्या भूमिकेत शेवटी बसायचा तसा, शिव्या खायला तयार.

खोटं बोलत होता! आत्ता, या क्षणाला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. का बोलत होता? एखाद्या दिवेवाल्यासाठी कोणी मरणाच्या दारात स्वतःचं नाव काळं करून घेतं का? असा कोण होता, ज्याचं नाव मला कळू नये म्हणून हा माणूस एवढं करेल?

काखेत कळसा नि गावाला वळसा. सोंग आमच्या माळ्यावर होतं. ते अंगावर घालून चालायची रीत वाडीत एकाच माणसाला येत होती.

"आ... आप्पा?" मी विचारलं.

त्यांनी माझा हात दाबला. "खाली जा पोरी," पुटपुटले. "लोक मला तसेही शिव्या घालतात. झालं ते झालं."

मी काय करायचं होतं, सांगा. गप्प खाली उतरले असते, तर घरी आप्पांचं नाव राहिलं असतं, वाडीत मान राहिला असता, माझं म्हातारपण सुखाचं गेलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि उद्या सकाळी पेपरात छापून आलं असतं, की खलनायक खराच खलनायक निघाला. नव्वदाव्या वर्षी. मला झाकल्याबद्दल. मोबाइल अजून वरच होते, कोणीतरी शिट्टी मारली. मी राजश्रीच्या हातातून माइक ओढून घेतला.

"हे ख... ख..."

"खरंय?" पुढच्या रांगेतून एक शहाणा म्हणाला.

"गप्प बस!" हे मात्र न अडखळता आलं. राग आला की येतं कधीकधी. "हे खोटं आहे. तुम्ही आ... आत्ता बघितलंत. मी यांच्या म... मांडीवर होते. यांनी मला झाकलं. सोंगात म... म... माझे वडील होते."

फार वेळ लागला ते म्हणायला. 'माझे'पाशी मी इतकी अडकले की आता शब्द निघणारच नाही असं वाटलं. कोणी मदतीला आलं नाही, उपकारच झाले. दोन रांगा माझ्याकडे बघत होत्या. गुरुप्रसाद उठून बाहेर गेला. म्हाताऱ्यानं शालीत तोंड लपवलं. मी माइक राजश्रीच्या हातात दिला आणि चालायला लागले. मागे टाळ्या वाजल्या का शिव्या पडल्या, मला माहीत नाही.

घरी आले तेव्हा उजेड होता. आप्पा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, हातात मोबाइल. गुरुप्रसादनं फोन केला होता, हे उघडच होतं. मी चपला काढल्या, समोर बसले. काही विचारलं नाही. मला त्यांच्या तोंडून हवं होतं.

"दिग्दर्शक माज्या मागं लागला," ते म्हणाले. "म्हटला, पोर तुमची, सोंग तुमचं, घाबरवा जरा. मला वाटलं, पोरं किंचाळतात नि मग हसतात. शिमग्याला काय होतं? तसंच होयल. दात पडायचा व्हता तुजा, पन म्हटलं, यंदाच दावू तोंड. कॅमेरा बंद झाला नि मी मुखवटा वर केला. म्हटलं, बाय, मी हाय गो, तुजा आप्पा."

"मग?"

"तू बघितलंस माज्याकडं. वळखलंस. नि त्या शेवड्याच्या गळ्याला मिठी मारून त्याला म्हटलंस, 'बाबा, याला घालवा.'" आप्पांचा आवाज फुटला. "ते तुजं शेवटचं बोलनं. मग गप झालीस ती झालीस. वाडीतलं कोन नव्हतं, पन सगळ्या सिनेमावाल्यांसमोर माज्या पोरीनं त्या सिनेमातल्या राक्षसाला बाबा म्हटलं. आईला तुज्या काय सांगू? त्याला म्हटलं, तुमी मुंबैला जानार, मला हितं ऱ्हायचंय, तुमचं नाव घेतो. तो म्हटला, घे. म्हटला, मला कोन चांगला म्हनतंय?"

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. त्यांनी घाबरवलं म्हणून नव्हे. तो मूर्खपणा होता, बापाच्या हातून होतो मूर्खपणा. पण जो माणूस मला झाकून बसला त्याचा मला द्वेष करायला लावला, रोजच्या घासाबरोबर, सगळा जन्म! आणि तोही कशासाठी?

"सहा वर्षांची होते मी, आप्पा," मी म्हटलं. "स... सहा. घाबरवलंत तुम्ही, आणि रुसून पण तुम्हीच बसलात?"

आप्पा रडायला लागले. नव्वदीचा माणूस रडताना बघवत नाही. मला दया आली, खोटं कशाला बोलू. पण उठून त्यांचे डोळे पुसावेत असं वाटलं नाही. रोज मीच पुसते. आज नाही.

"शेवडे उद्या दुपारपर्यंत गण... गणपतीपुळ्याला आहेत," मी म्हटलं. "सकाळी रिक्षा सांगते. तुम्ही यायचं."

"मी नाय येनार," ते म्हणाले. "मी काय तोंड दावू त्याला?"

"आहे तेच दाखवा."

आप्पा खिडकीतून रस्त्यावर बघत बसले. मी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला फोन लावला, आठ वाजता ये म्हटलं, दोघं आहोत म्हटलं. मग आत जाऊन त्यांचा भात मऊ शिजायला ठेवला.